संपादित डोंगर : ब्ल्यू रिज पार्कवेचे एक वाचन

परदेशाच्या मराठी प्रवासवर्णनात रस्त्याची स्तुती आली नाही, असे सहसा होत नाही. रस्ता आरशासारखा होता, दुतर्फा झाडी होती, शेकडो मैल गेलो तरी पोटातले पाणी हलले नाही. आणि मग ओघानेच आपल्याकडच्या खड्ड्यांची आठवण. एवढे झाले की रस्त्याचे काम संपते आणि लेखक पुढच्या गावाकडे वळतो. रस्ता हीसुद्धा कोणीतरी काही हेतू मनात धरून केलेली रचना असते. तिच्यात काय ठेवायचे आणि काय वगळायचे याचे निर्णय झालेले असतात. म्हणून कादंबरीचे किंवा चित्राचे होते तसे तिचेही परीक्षण होऊ शकते, हा विचार आपल्या प्रवासी लेखकांना फारसा शिवलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तसा एक प्रयत्न करणार आहोत. परीक्षणासाठी घेतलेली कृती आहे अमेरिकेच्या आग्नेय भागातील ब्ल्यू रिज पार्कवे.

व्हर्जिनिया राज्यातील रॉकफिश खिंडीपासून नॉर्थ कॅरोलायनातील चेरोकी या गावाच्या वेशीपर्यंत, अ‍ॅपलाचियन पर्वताच्या अंगाखांद्यावरून हा रस्ता ४६९ मैल जातो. उत्तरेचे शेनँडोआ आणि दक्षिणेचे ग्रेट स्मोकी माउंटन्स ही दोन राष्ट्रीय उद्याने जोडावीत, आणि १९३०च्या दशकातील मंदीने बेकार झालेल्या डोंगरी लोकांच्या हाताला काम मिळावे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. ११ सप्टेंबर १९३५ रोजी काम सुरू झाले. शेवटचा तुकडा जोडला गेला तो १९८७ साली. म्हणजे बावन्न वर्षे. रस्त्यावर मालमोटारींना बंदी आहे, जाहिरातींचे फलक नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैलांपेक्षा वेगाने जाता येत नाही. इष्ट स्थळी लवकर पोहोचण्यासाठी रस्ता असतो, या आपल्या समजुतीला येथे पहिल्याच मैलावर तडा जातो. हा रस्ता पोहोचण्यासाठी नाहीच. तो पाहण्यासाठी आहे.

आम्ही तो पाहिला २०२३ सालच्या ऑक्टोबरात. गाडी भाच्याची, सारथ्यही त्याचेच. आम्ही शेजारी बसून फक्त पाहायचे होते. पहिल्या दिवशी आम्ही टीकाकार नव्हतो, हे कबूल केले पाहिजे. मेपलची लाल पाने, ओकची तांबूस, मध्येच देवदाराच्या जातीच्या झाडांचा काळसर हिरवा पट्टा, आणि त्यापलीकडे एकामागे एक विरत जाणाऱ्या निळ्या डोंगररांगा. तो निळेपणा खोटा नव्हे. झाडांतून हवेत मिसळणाऱ्या द्रव्यांमुळे तेथे जे धूसर वातावरण तयार होते, त्यानेच या पर्वताला नाव दिले आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट जाणवू लागली. रस्ता सतत शिखरावरून जात नव्हता. थोडा वेळ माथ्यावरून, मग उतारावरून, मग ओढ्याच्या काठाने, मग शेताच्या कडेने, आणि डोळा या साऱ्याला सरावतो न सरावतो तोच पुन्हा उघड्या माथ्यावर. हा योगायोग नव्हता. या रस्त्याचा पहिला रचनाकार स्टॅन्ली अ‍ॅबट याने हे जाणून केले होते. १९३३च्या अखेरीस हे काम हाती आले तेव्हा तो पंचविशीतला तरुण होता. न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर परगण्यात उद्यानमार्गांच्या कामाचा त्याला अनुभव होता. अखंड भव्यता माणसाला थकवते, हे त्याला उमगले होते. महाकाव्याच्या कवीला जे कळते ते त्याला कळले होते : युद्धकांडाच्या आधी थोडे अरण्य असावे लागते. वळणेही अशीच. एका वळणाचा शेवट दुसऱ्याच्या आरंभात इतका सहज मिसळतो की चालकाला झटक्याने चाक फिरवावे लागत नाही. दगडी कमानींचे पूल, डोंगर पोखरून काढलेले सव्वीस बोगदे, दरी दिसावी म्हणून ठिकठिकाणी ठेवलेल्या थांबण्याच्या जागा, आणि त्या जागेवरून नेमकी तीच दरी दिसावी म्हणून छाटलेली झाडे. हे सर्व एका लयीत आहे. आमच्या मते विसाव्या शतकातील अमेरिकेच्या मोठ्या कलाकृतींत या रस्त्याची गणना व्हायला हवी. संग्रहालयात नेऊन टांगता येत नाही, एवढेच त्याचे उणे.

या रचनेचा कळस म्हणजे ग्रँडफादर पर्वताच्या कुशीतला लिन कोव्हचा पूल. पर्वताच्या त्या भागाचे मालक ह्यू मॉर्टन यांनी रस्ता उंचावरून नेण्यास वर्षानुवर्षे विरोध केला. त्या उतारावरचे प्रचंड खडक फोडले तर पर्वतच विद्रूप होईल, हे त्यांचे म्हणणे. अखेर तडजोड झाली आणि रस्ता जमिनीवरून न नेता हवेतून नेण्याचे ठरले. १,२४३ फूट लांबीचा हा पूल काँक्रीटच्या १५३ तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकडा सुमारे पन्नास टनांचा, आणि त्यांतला फक्त एक सरळ. खालच्या उतारावर यंत्रे नेऊन झाडे व खडक तुडवावे लागू नयेत, म्हणून पूल आपल्याच पुढच्या टोकावरून एकेक तुकडा जोडत वाढत गेला. खडकाच्या रंगाशी जुळावा म्हणून काँक्रीटमध्ये लोहाचा रंग मिसळला गेला. १९८३ साली पूल बांधून झाला, पण दोन्ही बाजूंचे रस्ते पुरे होऊन तो वाहतुकीला खुला व्हायला १९८७ उजाडले. त्याच्याखाली उभे राहून आम्ही वर पाहिले तेव्हा खडकाला वळसा घालून गेलेली एक राखाडी फीत दिसली. कोठेही आक्रमण नाही. रस्त्याने नमते घेतल्याचे असे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

पण नमते कोणापुढे घेतले? हा प्रश्न त्या पुलाखालीच आमच्या मनात आला आणि पुढचा सारा प्रवास त्याने व्यापला. खडकांसाठी, आणि खडकांच्या वजनदार मालकासाठी, रस्ता वाकला. रस्त्याच्या मार्गात जी माणसे राहत होती त्यांच्यासाठी तो किती वाकला?

याचे उत्तर शोधायला उत्तरेकडे, १७६व्या मैलावरच्या मेब्रीच्या पाणचक्कीकडे परत जायला हवे. या रस्त्यावर जास्तीत जास्त छायाचित्रे जिची निघतात ती ही जागा. तळे, तळ्यात लाकडी चक्कीचे प्रतिबिंब, पलीकडे ओंडक्यांची झोपडी. दुसऱ्याच राज्यांच्या नावाने या चक्कीची चित्रे पोस्टकार्डांवर छापली गेली, असेही सांगतात, आणि ते खोटे वाटत नाही. कारण ते चित्र कोठलेही असू शकते. एड मेब्री आणि त्याची पत्नी लिझी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही चक्की उभारली. मेब्री दळण दळत असे, लाकूड कापून देत असे, लोहारकामही करत असे. आजूबाजूच्या वस्तीचा तो एक छोटा उद्योजकच होता. साहजिकच त्याचे घरही काळाला शोभेसे होते : फळ्या ठोकून बांधलेले, पांढरे, दोन मजली. आज ते घर तेथे नाही. उद्यान खात्याने ते पाडले. आणि १९५०च्या दशकात दुसऱ्या ठिकाणची एक ओंडक्यांची झोपडी उचलून आणून त्या जागेजवळ ठेवली. कारण उघड आहे. डोंगरातला माणूस झोपडीत राहणारा असावा, अशी पाहणाऱ्याची अपेक्षा होती, आणि मेब्रीच्या घराने ती पुरी होत नव्हती.

संपादनाच्या भाषेत बोलायचे तर हे शुद्धलेखन तपासणे नव्हे, हे पात्र बदलणे आहे. कष्ट करून चार पैसे मिळवलेला, यंत्र समजणारा, विसाव्या शतकातला माणूस खोडून त्याच्या जागी अठराव्या शतकातला आदिवसाहती शेतकरी बसवला गेला. शेताभोवतीची वाकडीतिकडी लाकडी कुंपणे पाहा. त्यांतली कितीतरी उद्यानाच्या कामगारांनी, रोग पडून मेलेल्या चेस्टनटच्या झाडांच्या लाकडातून, मुद्दाम जुन्या धर्तीची म्हणून बांधली. रस्त्यालगतची काही शेते सरकारने विकत घेऊन पुन्हा शेतकऱ्यांनाच कसायला दिली, अशासाठी की गाडीतून जाणाऱ्याला शेत दिसत राहावे. जेथे शेतकरी आपल्याच जमिनीत दृश्याचा भाग म्हणून उभा राहतो, तेथे समीक्षकाने जरा थांबून विचार करावा.

यावर कोणी म्हणेल की डोंगरात झोपड्याही होत्याच. होत्या, यात वाद नाही. पण मग २९४व्या मैलावरचा मोझेस कोन यांचा बंगला पाहा. कोन हे डेनिम कापडाच्या गिरण्यांचे मालक. त्यांचा तो शुभ्र, खांबांचा, टोलेजंग बंगला जसाच्या तसा राखला गेला, आणि आज तेथे डोंगरी हस्तकलेच्या वस्तू विकल्या जातात. म्हणजे पांढऱ्या रंगाचे वावडे नव्हते. कोट्यधीशाचा बंगला राहिला, दरिद्री मानलेल्याची झोपडी राहिली; मधल्या माणसाचे घर तेवढे गेले. आमच्या मते या रस्त्याच्या संहितेतले हे सर्वांत बोलके गाळलेले पान आहे.

मेब्रीच्या चक्कीपासून तेरा-चौदा मैल दक्षिणेला पकेट केबिन नावाचे लहानसे लाकडी घर आहे. ओरेलीना पकेट ही या भागातली सुईण. तिला स्वतःला चोवीस मुले झाली आणि त्यांतले एकही बाल्यावस्थेपलीकडे जगले नाही. पन्नाशी आल्यावर ती दुसऱ्यांची बाळंतपणे करू लागली. हजाराहून अधिक मुले तिच्या हातावर जन्मली. फलकावरची ही माहिती वाचून आमच्या सोबतच्या मंडळींचे डोळे पाणावले, आमचेही. पण आता उभे असलेले घर तिचे नव्हे, तिच्या सासरच्या एका नातेवाईक स्त्रीचे आहे. या रस्त्याचे काम जवळ आले तेव्हा वृद्ध ओरेलीनाला आपले राहते घर सोडावे लागले, आणि त्यानंतर लवकरच, १९३९ साली, तिचे निधन झाले. ज्या रस्त्याने तिला घराबाहेर काढले तोच रस्ता आता तिच्या नावाचे घर दाखवतो. या विसंगतीवर आणखी भाष्य करण्याची गरज आम्हांला वाटत नाही.

जमिनी कशा घेतल्या गेल्या, याचा वृत्तान्त अ‍ॅन मिचेल व्हिझनंट या इतिहास संशोधक विदुषीने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सुपर-सीनिक मोटरवे’ या ग्रंथात तपशिलाने दिला आहे. गरिबांना काम देणारा, सर्वांना हवाहवासा, कोणाचेही नुकसान न करता झालेला रस्ता, ही लोकप्रिय कथा या ग्रंथाने साधार मोडून काढली. राज्याने जमीन संपादन करून केंद्र सरकारच्या हवाली करायची, अशी पद्धत होती. पैसा आणि वकील ज्यांच्यापाशी होते त्यांनी आपल्या अटी मान्य करून घेतल्या. लिटल स्वित्झर्लंड या थंड हवेच्या ठिकाणाचे संस्थापक हेरियट क्लार्कसन हे स्वतः राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. त्यांनी दावा लावला, पंचवीस हजार डॉलर भरपाई मिळवली, आणि तेथला रस्त्याचा पट्टा इतर ठिकाणांपेक्षा अरुंद राहिला. साध्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र भरपाईही बेताची आली आणि नवा रस्ता दाराशी असून उपयोगाचाही राहिला नाही. कारण त्यावर हवे तेथून चढता येत नव्हते, आणि मालाची गाडी तर नेताच येत नव्हती. त्याने रस्ता मागितला होता तो बटाटे बाजारात न्यायला. त्याला मिळाला तो दुसऱ्याने दरी पाहण्याचा.

व्हिझनंट यांचा भर सत्तेच्या व्यवहारावर आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र त्यांचा ग्रंथ मिटवल्यावर वाचकाला वाटू शकते की सौंदर्य हा त्या व्यवहारावरचा केवळ मुलामा असावा. येथे आमचा मतभेद आहे. अ‍ॅबटच्या वळणांचे सौंदर्य खरे आहे. ते कोणाची फसवणूक करण्यासाठी निर्मिलेले नाही. प्रत्येक कलाकृती काही वगळूनच उभी राहते, आणि जाहिरातींचे फलक वगळल्याबद्दल आम्ही अ‍ॅबटला धन्यवादच देऊ. प्रश्न वगळण्याचा नाही. कवी वगळतो तेव्हा त्या मौनाला कवितेत जागा असते, वाचकाला त्याची चाहूल लागते. मेब्रीचे घर पाडून तेथे झोपडी ठेवली गेली तेव्हा मौनाची जागाच बुजवून टाकली गेली. कलेचा सूक्ष्म विवेक आणि इतिहासाचा स्थूल बेफिकीरपणा एकाच रचनेत, काही वेळा एकाच मैलात, शेजारी शेजारी नांदतात. आणि म्हणून या रस्त्याला नुसती दाद देणारा प्रवासी आणि नुसता आरोप ठेवणारा अभ्यासक, दोघेही त्याचे अर्धेच वाचन करतात.

या संदर्भात मराठीतल्या एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत हिंडल्या आणि १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. नावातला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. अमेरिकेविषयी त्यांना मनापासून आदर होता, तरीही काळ्या लोकांना आणि तेथल्या मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूक त्यांच्या नजरेतून सुटली नाही. आपल्या समाजातून आज अमेरिकेला मुलाबाळांकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि परतल्यावर लिहिणाऱ्यांचीही. पण सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी ख्रिस्ती बाईने घालून दिलेला हा क्रम आपण उलटा केला, आणि हळूहळू त्यातला पहिला शब्द गाळूनच टाकला. आम्हीही पहिल्या दिवशी तेच केले होते, हे वर आलेच आहे.

आम्ही परतल्यावर वर्षभरातच, सप्टेंबर २०२४ मध्ये, हेलीन वादळाच्या पावसाने या पर्वतावर अनर्थ घडवला. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागात गावेच्या गावे पाण्याखाली गेली, माणसे दगावली. पार्कवेवर ठिकठिकाणी दरडी कोसळल्या, रस्त्याखालचा डोंगर खचला, लिनव्हिल धबधब्याजवळचे प्रवासी केंद्र पुरात नष्ट झाले. संपूर्ण मार्ग बंद करावा लागला आणि पुढे तो तुकड्यातुकड्यांनी खुला होत गेला. लिन कोव्हचा पूल मात्र टिकला. दुरुस्तीच्या कामाला पैसा आणि कौशल्य दोन्ही लागणार, यात शंका नाही. पण जे पुन्हा बांधायचे ते कोणत्या संहितेबरहुकूम, हाही प्रश्न त्यात आहेच. खचलेली वळणे पूर्वीसारखी व्हावीत, असे आम्हांला मनापासून वाटते. फलकांवरचा मजकूर पूर्वीसारखा राहावा, असे वाटत नाही.

या रस्त्याचे शेवटचे पान आणखी एका लोकसमूहाच्या जमिनीतून जाते, आणि तेथे कथा वेगळी घडली. १८३८ साली चेरोकी लोकांना त्यांच्या प्रदेशातून सक्तीने हुसकावून पश्चिमेला नेण्यात आले, तेव्हा जे थोडे मागे राहिले त्यांचे वंशज या पर्वताच्या दक्षिण टोकाशी राहतात. पार्कवेचा पहिला आराखडा त्यांच्या सोको खोऱ्यातून, म्हणजे त्यांच्यापाशी असलेल्या मोजक्या सपाट, पिकाऊ जमिनीतून जात होता. त्यांनी नकार दिला. फ्रेड बाउअर यांच्यासारख्या त्यांच्या नेत्यांनी कित्येक वर्षे हा विरोध चालवला, जमातीत आपसांतही कडाक्याचा वाद झाला, आणि १९४० साली अखेर समझोता झाला : पार्कवे खोऱ्यातून नव्हे, वरच्या माथ्यावरून जाईल, आणि खोऱ्यातून राज्य सरकार एक साधा, सर्वांना वापरता येईल असा रस्ता बांधील. दुकान थाटता येईल, माल नेता येईल, असा रस्ता. मेब्रीच्या शेजाऱ्यांना जे मिळाले नाही ते ज्यांचे सर्वस्व एकदा लुटले गेले होते त्यांनी मिळवले.

सोको खिंडीशी आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. पार्कवेचे शेवटचे तेरा-चौदा मैल उरले होते. ते फार सुंदर आहेत, असे भाच्याने सांगितले. आम्ही त्याला खालचा रस्ता घ्यायला लावला. उतरताच मालमोटारी लागल्या, पेट्रोलपंप लागले, मोटेलच्या पाट्या, गालिचे आणि मणी विकणारी दुकाने, एका घरासमोर दोरीवर वाळत घातलेली चादर. एका दुकानाच्या दाराशी लाकडी अस्वल उभे होते आणि त्याच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी होती. भाचा थोडा नाराज झाला. वरचे ते मैल आमचे पाहायचे राहिले आहेत, आणि या परीक्षणात तेवढी उणीव आहे, हे येथे नोंदवून ठेवतो.